महादेवीचा दुसरा डोळा

कुंभारी गाव मागं पडलं होतं आणि सोलापूर अजून दिसत नव्हतं. एस.टी. वाटेतच बंद पडली, म्हणून आम्ही तिघी चालत दवाखान्याला निघालो होतो. माझी शेजारीण नागव्वा, तिची दहा वर्षांची महादेवी आणि मी. लेक आईपेक्षा उंच, बोटं लांबसडक. उन्हानं डोळा दुखू नये म्हणून नागव्वा हात वर करकरून तिच्या कपाळावर पदर धरत होती.

जन्मापासून पोरीच्या अंगातले बंध सैल. डोळ्यातला मणी, म्हणजे आतलं भिंगही त्यानंच सरकलेलं. गेल्या साली डाव्या डोळ्यातला काढला, जाड चष्मा लागला, आणि पोरगी लांबून मला ओळखून हाक मारू लागली. पुढं आतला पडदा सुटला, तो डोळा गेला. आता उजव्यातला मणी पुढं आलेला. काढला नाही तर हाही डोळा जाणार, म्हणून आज ऑपरेशन.

नागव्वा कडक भाकऱ्या विकायची. थापताना सोलापूरच्या देवाचं, सिद्धरामाचं भक्तिवचन म्हणायची, मधेच विसरली तर पुन्हा पहिल्यापासून. लेकीला दिसू लागलं त्या आनंदात तिनं लेकीला मठात नेलं, गल्लीतल्या साऱ्या थोरांपुढं कपाळ टेकवायला लावलं. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवापुढं, थोरांपुढं वाकणं त्यात धरायचं, हे तिच्या मनातच आलं नाही. पडदा सुटला तो त्यानंतरच.

समोरून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गुरप्पाअज्जांची बैलगाडी आली. महादेवी सवयीनं नमस्काराला वाकायला गेली. नागव्वानं तिला खांद्याला धरून सरळ केलं आणि स्वतः दोनदा नमस्कार केला.

"काय गं, पोरगी लई ताठ झाली व्हय?" अज्जा म्हणाले.

"तिचा बी मीच घातला की अज्जा. दोन धरा!"

अज्जा हसले. गाडी गेली.

महादेवी जरा पुढं गेल्यावर मी हळूच म्हटलं, "नागव्वा, मागं डॉक्टर काय म्हणाले? अशा मुलांचा पडदाच नाजूक असतो. वाकली नसती तरी सुटला असता. तू का जिवाला लावून घेतेस?"

मी मनात सिद्धरामाचं नाव घेत चालत राहिले.

"अक्का," ती म्हणाली, "मी वाकवली म्हणून गेला असंल, तर आता न वाकवता ह्यो राहील की. डॉक्टरचं खरं धरलं तर माज्या हातात काय उरलं? डोळ्याची पट्टी सुटंस्तवर तेवढं बोलणं माज्यापुढं काढू नका."