वीज काढलेलं पाणी

आमच्या आतोबांइतका शांततेसाठी झटलेला माणूस खालापूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि शांततेपायी इतकी भांडणं अंगावर ओढवून घेतलेलाही दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. खोपोलीच्या एका कारखान्यात कोठारावर नोकरी, गावात भाताची थोडी जमीन, आणि डोक्यात कायम एकच प्रश्न, की कुणाचं कुणाशी जमतं? पंगतीत कोण कुणाशेजारी बसला तर जेवण सुखाचं होईल, हे ते घरधन्याला न विचारता ठरवत आणि बसलेल्या माणसांना दंडाला धरून उठवत. एका बारशाला त्यांनी दोन साडूंना असंच उठवून पंगतीच्या दोन टोकांना बसवलं. त्या दोघांचं तोवर उत्तम चाललं होतं. पण आपल्याला वेगळं का बसवलं याचा छडा लावता लावता त्यांचं जे बिनसलं, ते पुढे कित्येक वर्षं कुणाला जोडता आलं नाही. आतोबा मात्र म्हणत, "बग, मी वळखलं व्हतं का नाय?" आत्याच्या स्वयंपाकातही त्यांचं लक्ष असे. "वांग्यात शेवगा नको घालू गं, दोगंबी तापट हायेत," असं ते चुलीपाशी येऊन सांगत. आत्या ऐकून घ्यायची आणि शेवगा घालायची.

या सगळ्या काळजीचं मूळ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी आतेबहीण कुसुम. कुसुम दिसायला छान, कामाला वाघ, आणि जीभ अशी की पोळलेल्या माणसाने दोन दिवस गार पाणी पीत बसावं. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईने रीतीप्रमाणे तिला चालून दाखवायला सांगितलं. "तुमी दाखवा आदी, म्हंजे कसं चालायचं ते मला कळंल," कुसुम म्हणाली. दुसऱ्या स्थळाच्या काकूंनी भाकरी गोल येते का म्हणून विचारलं. "गोलच येते. चौकोनी पायजे आसंल तर आत्ताच सांगा." दोन्ही स्थळं चहा अर्धा टाकून गेली. आत्याने देव पाण्यात घातले आणि आतोबांनी मासे.

माशांचं असं झालं, की कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांच्या बाईसाहेबांनी काचेची एक रिकामी टाकी आतोबांना देऊन टाकली. टाकी लहानच, भजनातल्या बाजाच्या पेटीहून थोडी मोठी. देताना बाईसाहेब सहज बोलून गेल्या, "मासे मात्र जुळतील असेच घ्या हं. चुकीचा एखादा पडला, तर बाकीच्यांना जगू देत नाही." आतोबा घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. टाकी ओसरीवर ठेवली, तिच्यासमोर पाट मांडून बसले, आणि आतल्या कुसुमच्या भांड्यांचा आवाज बराच वेळ ऐकत राहिले. त्या दिवसापासून मासे निवडणं हा छंद राहिला नाही. टाकीत चार जीव सुखाने नांदवून दाखवता आले, तर लेकही कुठेतरी नांदेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मासे आणायला ते मुंबईला जात, आणि त्या दुकानदाराची मला आजही दया येते. आतोबा माशाची किंमत विचारत नसत. "ह्याचं कुनाशी जमतं?" इथून सुरुवात. मग "घरात किती जन व्हते?" आणि "आई कशी व्हती ह्याची?" बाटलीत एकटा ठेवलेला फायटर मासा त्यांनी लांबूनच नाकारला. दोन नर एकत्र ठेवले की एकमेकांचा जीव घेतात हे कळल्यावर त्यांनी त्या बाटलीला हात जोडले. गोल्डफिश बसून खाणारा म्हणून नको. गप्पीची पोरं फार. एंजल मासा त्यांना आवडला, कारण तो सावकाश चालतो आणि चालताना पदर सांभाळतो. त्याला सोबत म्हणून त्यांनी पट्टेरी टायगर बार्ब घेतले, ते हसतमुख दिसले म्हणून. दुकानदार बिचारा नको नको म्हणत होता. दोन दिवसांत त्या हसतमुखांनी एंजलच्या पदराच्या चिंध्या केल्या.

तेव्हापासून आतोबांनी शेजाराची पद्धत काढली. नवा मासा आधी लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवायचा आणि ती बरणी टाकीला चिकटवून मांडायची. बरणीतल्याने टाकीतल्यांना बघावं, टाकीतल्यांनी बरणीतल्याला बघावं, आणि मध्ये पाटावर आतोबांनी दोघांनाही बघावं. "आठ दिस शेजार पटला, तर घरात घ्यायचा," हा नियम. घरात बोंबील तळायचे असले की टाकीवर पंचा पांघरला जाई, उगाच कुणाचं मन दुखायला नको. आमच्याकडे दर दुसऱ्या दिवशी बोंबील, त्यामुळे माशांचं अर्धं आयुष्य पंच्याखालीच गेलं.

तरीही टाकीत कुरबूर चालूच राहिली, आणि मग त्यांना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध लागला. खोपोलीला घाटावरून नळांतून पाणी येतं, त्यावर वीजघर चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती वीज तारांतून आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची आणि आम्ही खाली कंदिलाच्या काचा पुसत बसायचो. वीजघरातून खाली सुटलेल्या पाण्याबद्दल गावातले म्हातारे तक्रार करत, की वीज काढून घेतलेलं पाणी ते, त्यात दम नाही, त्यावर भात पोसत नाही. आतोबांनी ही तक्रार उलटी करून बघितली. "दम नाय म्हंजे भांडायला बळ नाय!" ते मला दंडाला धरून सांगत होते. "आपल्या हिरीवर बाया रोज भांडतात. का? पान्यात वीज हाय! तेच पानी मी माशांना घालतोय रं, मग ते काय आरत्या म्हननार?"

झालं, कारखान्यातून घरी येताना सायकलीला दुधाच्या दोन किटल्या लटकू लागल्या. वाटेत बायका दूध मागत आणि आतोबा झाकण काढून पाणी दाखवत. त्यावरून गावात असं पसरलं, की हा इतकं पाणी घालतो की दूधच दिसत नाही. पण खरं सांगायचं तर मासे शांत झाले. दोन मऊ स्वभावाच्या गुरामी, तीन काळ्या मौली, आणि पाण्यासोबत किटलीतून बिनबोलावता आलेला आपल्या नदीचा एक साधा मळ्या मासा, असं ते घर बसलं. आतोबांच्या मते हा पाण्याचा गुण होता. भांडखोर बार्ब दरम्यान मेले होते, ही गोष्ट ते हिशेबात धरत नसत.

अशात कर्जतकडच्या कोंडाण्याचं स्थळ आलं. मुलगा साजगावच्या कारखान्यात, स्वभावाने इतका गरीब की आपण कशासाठी आलोय हे तो लाजून विसरला होता. घर भरलेलं, सासरे, दीर, जावा, पोरंटोरं. आणि सगळ्यांना पुरून उरणारी सासू. ओसरीवर पाय ठेवताच तिचं लक्ष टाकीकडे गेलं. वाकून, निरखून ती म्हणाली, "एवडी काच, एवडं पानी, आन् एका वाटीचं कालवन व्हायाचं नाय."

"मी कवापास्नं तेच सांगते," पोह्यांची ताटली घेऊन आलेली कुसुम म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या.

तिथेच लग्न जमलं. सगळ्यांना ते कळलं, फक्त आतोबा पांढरेफटक पडले. मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "दोन फायटर, रं! एका टाकीत दोन फायटर!" मग बाहेर येऊन त्यांनी भर बैठकीत हात जोडले. "इहीनबाई, राग मानू नका. तुमच्या घराशेजारी कुनाची खोली हाय का? कुसुम आठ दिस तितं ऱ्हाईल. तुमी तिला बगा, ती तुमाला बगंल. पटलं तर घरात घ्या."

बैठक गार पडली. आत्याने पदर तोंडावर घेतला. मुलाचे वडील पगडी... पगडी नव्हती त्यांच्याकडे, पण असती तर उचलली असती, असे उठायला लागले. विहीणबाईंनी त्यांना बसवलं. "व्याही," त्या म्हणाल्या, "लेक द्यायला जीव व्हत नाय, असं सरळ म्हना की." आतोबांनी टाकीशेजारचा पंचा उचलून डोळे पुसले.

लग्नात इतर बाप भांडीकुंडी देतात. आतोबांनी तीही दिली, आणि वर एक काठोकाठ भरलेली किटली. "घरातल्या सगळ्यांच्या चहाला हेच वापरा," एवढंच सांगितलं. पुढे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ते किटली घेऊन कोंडाण्याला जायचे. कर्जतपर्यंत एस.टी.ने, पुढे मिळेल त्या बैलगाडीने, नाहीतर पायी, या खांद्यावरून त्या खांद्यावर किटली बदलत. पावसात जायचे, उन्हात जायचे, गुडघे धरले तरी जायचे. आत्या म्हणायची, "आवो, त्यांच्या दारात हीर हाय." तर म्हणायचे, "त्या हिरीत वीज हाय."

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. टाकीत शेवटी उरलेला मळ्या आत्याने नदीत सोडला. मध्यंतरी कामाने कर्जतला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून कोंडाण्याला कुसुमकडे गेलो. ओसरीवर म्हातारी सासू पावटे सोलत होती आणि शेजारी कुसुम तांदूळ निवडत होती. दोघींच्या तोंडातून शब्द नाही. आतोबांना ज्याची भीती होती ते शेवटी झालंच, असं वाटलं.

मी चाचरतच विचारलं, "कुसुम, त्या पाण्याचा काही उपयोग झाला का गं?"

"कसला उपेग, दादा? पयल्याच दिवशी सासूबाई बोलल्या, ह्याचं काय करायचं गं? मी बोलले, वता केळीला. सगळं पानी केळीलाच गेलं."

"केळ बी मेली," सासू म्हणाली. "दमच नवता त्या पान्यात."

"मग तुम्ही भांडत नव्हता?"

"रोज!" दोघी एकदम म्हणाल्या. मग कुसुमने सूप खाली ठेवलं. "पन सोमवारी आबा यायचे ना. घामाघूम. किटली उतरवायचे आन् आदी आमच्या दोगींच्या तोंडाकडं बगायचे. त्यांच्यासमोर कसं भांडनार, दादा? म्हनून त्या दिवशी सकाळधरनं आमी दोगी गप बसायचो. ते खूश व्हायचे. पान्याचा गुन आला म्हनायचे."

"आणि आज काय झालंय? आज का गप्प आहात?"

कुसुमने परत सूप उचललं. उत्तर म्हातारीनेच दिलं, पावट्यांवरून नजर न काढता.

"आज पयला सोमवार न्हवं का, बाबा."