काकाच्या खोलीची भिंत

या ग्रुपवर मी तीन-चार वर्षं नुसती वाचतेय. आणि खरं सांगते, राग मानू नका — निम्मे अनुभव वाचून माझ्या तोंडून "अहो, खिडकी उघडी राहिली असेल" असंच निघतं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बावीस वर्षं ठाण्यात दुरुस्तीची कामं करतेय... गळक्या गच्च्या, फुगलेल्या भिंती, पाणी शिरलेली घरं. घरातल्या विचित्र आवाजांमागे मला आजवर पाइप, उंदीर नाहीतर वरच्या मजल्यावरची माणसं, यापलीकडे काही सापडलेलं नाही. तरी हे लिहितेय, कारण यातली रीडिंग्ज मी स्वतः घेतलेली आहेत आणि ती मला खोटी म्हणता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा काका आणि काकू कल्याण पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहायचे. चार मजली जुनी बिल्डिंग, तळमजला. हॉल, किचन आणि आतली खोली, बस. माझे बाबा मी अकरा वर्षांची असताना गेले, तेव्हापासून लग्न होईपर्यंत मी याच घरात वाढले. आतल्या खोलीत काकाच्या पलंगाशेजारी माझं टेबल होतं. काका एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. केसाइतका फरक बोटांनी ओळखणारा माणूस. शाळेत असताना मी एखादी लांबी अंदाजे सांगितली की तो पट्टी पुढे करायचा — "मोजलंस का? मग कशाला बोलतेस?"

त्या जुलैत खाडीचं पाणी आत शिरलं. हॉलमध्ये साडेतीन फूट. शेजाऱ्यांनी दोघांना पहिल्या मजल्यावर नेलं, दुसऱ्या दिवशी मी त्यांना माजिवड्याला माझ्या घरी आणलं. पाणी दोन दिवसांत ओसरलं. लोकांना वाटतं, पाणी गेलं की झालं, फरशी धुतली, पंखे लावले, रंग मारला. तसं नसतं हो. वीट पाणी पिते. चिखल काढायचा, भिजलेलं प्लास्टर पाण्याच्या रेषेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत फोडायचं आणि मग... थांबायचं. ढोबळमानाने भिंतीच्या एका इंचाला दोन-तीन आठवडे, आणि पावसाळी हवेत त्याहून जास्त. घाई करून प्लास्टर केलंत तर सहा महिन्यांत क्षाराचा लोणा लागून सगळं खाली येतं. मी काकाच्या घराचा सरळ हिशोब केला — दिवाळीच्या आधी कोणी राहायला जायचं नाही.

अडचण काकाची होती. त्याच्या हृदयाचं पंपिंग फार कमी झालेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं, "मॅडम, महिन्यांचं प्लॅनिंग करू नका." त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं, पण माणसाला कळतं. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खिडकीतून खाली हायवे. तो दिवसभर तिथे खुर्चीत बसायचा आणि जेवण निम्मं ताटात ठेवायचा.

"इथे जमीनच दिसत नाही गं," म्हणायचा. आणि रोज एकच प्रश्न — "किती दिवस?"

"काका, दिवाळी."

"एवढे नाहीत माझ्याकडे."

"असं काय बोलतोस रे!" मी म्हणायचे आणि विषय बदलायचे. ओल्या खोलीत, बुरशीच्या हवेत त्याला नेणं म्हणजे त्याच्या छातीशी खेळणं होतं. आणि न नेणं म्हणजे... तेही मला कळत होतं. काकू मला काही म्हणायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची. ते बघणं मला जास्त लागायचं.

साइटवर माझा शंभू मिस्त्री होता, बारा वर्षं माझ्यासोबत काम करणारा. दर चार दिवसांनी मी जायचे. प्रत्येक भिंतीवर पेन्सिलने गोल करून ठेवलेले, त्याच जागी मॉइश्चर मीटरच्या दोन सुया टोचायच्या आणि ओलाव्याच्या टक्क्यांचा आकडा वहीत लिहायचा. सोळाच्या खाली आल्याशिवाय मी प्लास्टरला हात लावू देत नाही. सगळं घर तीसच्या आसपास होतं. आतली खोली एकतीस.

पाचव्या आठवड्यात एक दिवस, दुपारी जेवताना, काका एकदम म्हणाला, "माझी खोली सुकली."

मी हसले. "परवाच बघून आलेय. एकतीस आहे."

"परवा होती. आज सुकलीय. जाऊन बघ."

"काका, बाहेर पाऊस बघ. या हवेत टॉवेल सुकत नाहीये, भिंत कशी सुकेल?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. "मोजलंस का?"

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. खरं तर चिडूनच गाडी काढली. म्हटलं, आकड्याचा फोटो काढून आणते आणि हे एकदाचं संपवते.

कोन गावात ट्रॅफिक, दुर्गाडीच्या पुलावर ट्रॅफिक. पोहोचायला दीड तास लागला. शंभू मिस्त्री हॉलमध्ये नव्हता. आतल्या खोलीत भिंतीवर उपडा हात ठेवून उभा होता.

"मॅडम, ये कमरा सूख गया," तो म्हणाला. "सकाळी आलो तेव्हाच बघितला. हीटर लावला का तुम्ही?"

वीज तोडलेली होती. हीटर कुठला लावणार?

खोलीत पाऊल टाकलं आणि वास नव्हता. पाणी शिरलेल्या घराला एक वास असतो, चिखल-गोणपाटाचा... हॉलमध्ये तो होता, उंबरठ्याच्या अलीकडे होता, आत नव्हता. विटा फिकट पडलेल्या. मी सुया टोचल्या. तेरा. दुसऱ्या गोलात बारा. तिसऱ्यात तेरा. बॅटरी बदलली, तेरा. हॉलमध्ये गेले — तीस. ही खोली आणि किचन यांच्यामध्ये एकच भिंत आहे, साडेचार इंची. खोलीच्या बाजूने बारा, आणि तीच वीट किचनच्या बाजूने एकोणतीस! साडेचार इंचांत हे शक्य नाही. भिंत कुठल्याही बाजूने बघा, पाणी तेच असतं.

माझा कळव्याला राहणारा एक सहकारी आहे, त्याचं मीटर दुसऱ्या दिवशी घेऊन आले. तेच आकडे. मग आमची साधी टेस्ट केली, प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचा आणि दिवसभर सोडायचा. हॉलमधल्या प्लास्टिकच्या आत थेंब जमले. किचनमध्ये जमले. काकाच्या खोलीतलं प्लास्टिक कोरडं ठणठणीत.

त्या संध्याकाळी मी वही उलटसुलट चाळली. मग ठरवलं. कारण कळत नसलं तरी आकडा आकडा आहे, आणि आकडा सांगत होता की खोली राहण्यासारखी आहे. जंतुनाशक फवारलं, त्या एका खोलीत वीज आणली, हॉलच्या बाजूने जाड पडदा लावला. पाच फुटांपर्यंत विटा तशाच उघड्या. प्लास्टर करायला तेवढे दिवस कोणाकडे होते?

काकाला खुर्चीत बसवून आत आणलं. त्याने विटांवरून बोटं फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"किती?"

"तेरा."

"हं," म्हणाला. एवढंच. मी विचारलं, "काका, तुला कसं कळलं?" तर म्हणाला, "कळलं म्हणजे... सुकल्यासारखी वाटली." जसं काही तो माजिवड्याला नव्हताच, इथेच भिंतीला टेकून बसला होता.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. तो जेवायला लागला. काकूकडे अळूचं फतफतं मागून घेतलं. सकाळी खिडकी उघडायला लावायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा. हॉलमध्ये काम चालू असायचं तेव्हा पलंगावरून ओरडायचा — "मिस्त्री, दाराची चौकट ओळंब्यात नाहीये!" शंभू ओळंबा लावून बघायचा आणि आत येऊन कान पकडायचा. "काकाजी, दोन सूत, पाव इंच बाहेर आहे. तुम्हाला इथून कसं दिसतं?" दोघं हसायचे. मी रोज जाऊन भिंत मोजत होते. बारा, तेरा, बारा. बाहेर धो-धो पाऊस, किचनमध्ये अठ्ठावीस.

मग एका दुपारी जेवून तो आडवा झाला आणि झोपेतच गेला. काकू शेजारी बसून भाजी निवडत होती. तिलाही लगेच कळलं नाही, इतकं शांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू भेटायला आला. घरात पाच-सहा नातेवाईक होते. तो आतल्या खोलीच्या दारात चपला काढून उभा राहिला, नमस्कार केला आणि टेकायला म्हणून भिंतीला हात लावला. लगेच मागे घेतला.

"मॅडम... हाथ लगाके देखो."

भिंत ओली होती. विटा काळपट झालेल्या. तो वास परत आलेला. त्या वेळी हे करणं बरं दिसलं नसेल, पण मी गाडीतून मीटर आणलं आणि सगळ्यांसमोर सुया टोचल्या. पहिल्या गोलात एकतीस. दुसऱ्यात एकतीस. हॉल तोपर्यंत पंचवीसवर उतरलेला. ही खोली मात्र, सुकायच्या आधी मी जिथे सोडलेली, बरोब्बर तिथून पुढे सुरू झालेली.

काकूला मी माजिवड्याला परत नेलं. बाकीचं काम माझ्या अंदाजाप्रमाणे झालं, दिवाळीच्या आधी हॉल आणि किचन रंगून तयार. आतली खोली तेवढी मागे राहिली. ती सोळाच्या खाली यायला हॉलपेक्षा बावीस दिवस जास्त लागले. खोली कोरडी सापडली त्या दिवसापासून ती परत ओली झाली तोपर्यंतचे दिवस मी वहीत मोजले. बावीस. तीन आम्ही टेस्ट करण्यात आणि वीज आणण्यात घालवले, आणि एकोणीस काका तिथे राहिला.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. वाऱ्याची दिशा, जमिनीतलं पाणी, भरती-ओहोटी, विटांतला क्षार, सगळं तपासलं. माझ्या कॉलेजच्या सरांना वही दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "वाचताना चूक झाली नसेल?" दोन मीटर, दोन माणसं आणि प्लास्टिक — एकाच वेळी सगळ्यांची चूक?

काकू आता त्याच खोलीत राहते. गेल्या महिन्यात मी पुन्हा हे सगळं तिच्यासमोर काढलं, तर शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अगं, ह्यांना घरी यायचं होतं, आले. तुला त्यात काय खुपतंय?"

"काकू, भिंत अशी सुकत नाही गं."

"नसेल सुकत," ती म्हणाली. "पण सुकली ना?"

आजही कोणी विचारलं की पाणी शिरलेलं घर सुकायला किती दिवस लागतात, तर मी भिंतीची जाडी विचारते आणि ठामपणे आकडा सांगते. तो चुकत नाही. पण त्या बावीस दिवसांत त्या भिंतीतलं पाणी कुठे गेलेलं आणि कुठून परत आलं, हे मला माहीत नाही. इथे कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.