तुमी व्हा म्होरं

आमच्या साडूइतका नम्र माणूस शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर साडू हात जोडून त्याच्यापुढेही हार मानतील. व्यवसायाने सुतार. दौंडच्या आमच्या चर्चमधले निम्मे बाक त्यांच्या हातचे, पण स्वतः बसणार दारापाशी, सगळ्यांत मागच्या बाकाच्या टोकाला. एका रविवारी न्हावऱ्याहून आलेला तितकाच भाविक पाहुणा नेमका तिथेच बसायला आला. "तुमी म्होरं बसा," "छे छे, तुमीच," असं करत दोघे पहिलं गीत संपेपर्यंत उभे, आणि शेवटी साडू चपलांच्या ढिगाजवळ जाऊन टेकले. प्रीतिभोजनात सगळ्यांना वाढून होईपर्यंत पातेल्यात रस्सा उरायचा नाही. मग कोरडा भात चिवडत म्हणायचे, "प्रभू भागवतो, पाव्हणं." प्रत्यक्षात भागवायची अक्का, घरी गेल्यावर तीच भाकरी टाकायची.

अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला काचबिंदू झाला आणि या नम्रतेचं मला हसू यायचं बंद झालं. पुण्याच्या एका दवाखान्यात सकाळी ठरावीकच नंबर देत. साडू तिला पहिल्या गाडीने घेऊन जायचे, रांगेत पुढे असायचे, आणि मागे कुणी म्हातारी कण्हली, कुणाचं लेकरू रडलं, की लगेच, "तुमी व्हा म्होरं." नंबर संपायचे, दोघं हात हलवत परत. असं तीनदा झालं. दर खेपेला घरी येऊन हे गुडघे टेकून म्हणायचे, "देवबापा, तुझी इच्छा." चौथ्या खेपेला नंबर लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला, आता यायचा नाही. अक्का एवढंच म्हणाली, "मी आंधळी झाल्यावर माझा हात तरी धराल ना? का त्योबी दुसऱ्याला द्याल?"

मी वयाचा मान न ठेवता तोंड सोडलं. "नम्रता तुमची आणि डोळा तिचा? स्वतःचं काय वाटायचं ते वाटा. तिचा नंबर देणारे तुम्ही कोण?" ते म्हणाले, "व्हय, चुकलं माझं." त्याचाही मला रागच आला. या माणसाशी धड भांडताही येत नाही.

उजव्या डोळ्यासाठी मी मुद्दाम बरोबर गेलो. साडू रांगेत, आम्ही दोघं बाकावर. त्यांच्या मागे डोळ्याला पट्टी बांधलेली एक म्हातारी होती. "भांडगावास्नं आलीया बाबा, एकटीच हाय. जाऊ देतोस का म्होरं?" साडूंचा पाय सवयीने मागे सरकला. त्यांनी अक्काकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई मावशी. आज न्हाई." त्या दिवसाचा शेवटचा नंबर त्यांना मिळाला आणि खिडकी बंद झाली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, उजवा डोळा वाचेल. परतीच्या गाडीत मी त्यांची पाठ थोपटली, तर म्हणाले, "पाव्हणं, त्या मावशीचा ऱ्हायला असंल का वो डोळा?"

आता दर रविवारी पाळकसाहेब विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? साडू उठतात आणि भांडगावच्या एका बाईसाठी विनंती करतात. नाव त्यांना ठाऊक नाही. त्यांनी जन्मात एकदा तरी नाही म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं दातओठ खाल्ले. आता सगळ्यांत मोठ्याने आमेन मीच म्हणतो.