‘आवस’ खोडून ‘आई’

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. ती गेली, आता जामसंड्याच्या या घरात मी आणि रेडिओ. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो — नाहीतर राहूनच जाईल.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. तीस वर्षं. शाळामास्तरांच्या कविता, देवस्थानांच्या पुस्तिका, कथासंग्रह — जिल्ह्यातलं बरंचसं छापील माझ्या लाल पेनाखालून गेलं. त्याचा मला तोरा होता. कशाला लपवू?

धामापूरच्या एक शिक्षिका होत्या, सुलभाताई. आपल्या आईवर त्यांनी पुस्तक लिहिलं — भात लावणारी, काजू फोडणारी, सही न येणारी बाई. पानापानावर शब्द होता ‘आवस’. मालवणीत आईला म्हणतात तो. माझ्याही घरात तोच होता. मग मी काय केलं? प्रत्येक ‘आवस’ खोडला आणि वर ‘आई’ लिहिलं. दीडशे ठिकाणी तरी. त्यांना न विचारता. मालकांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मला त्या शब्दाची लाज वाटायची — एवढंच.

पुस्तक झालं. ताई प्रती न्यायला आल्या आणि उभ्याउभ्याच पानं चाळू लागल्या. आधी भरभर, मग सावकाश. छापखान्यात त्या नेहमी शाळेतलं मराठी बोलत. त्या दिवशी म्हणाल्या, “माजी आवस खंय गेली?”

मी म्हणालो, “मालकांचा तसा नियम आहे.”

असा नियम नव्हता. मालक आतच बसले होते. ताईंनी आत जाऊन विचारलं असतं तर? नाही विचारलं. गठ्ठा उचलला आणि निघून गेल्या. दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालंय म्हणायच्या. ते कधी आलं नाही. आणि मी थांबलो का? उलट पुढच्या प्रत्येक पुस्तकात तेच करत राहिलो — म्हणजे नियम होताच असं दिसावं.

गेल्या वर्षी शिरोड्याची मृणाल आली. पीएचडी करते. जिल्ह्यातली जुनी-नवी पुस्तकं तिने संगणकात भरली आहेत. कुठला शब्द कुठल्या काळात किती वेळा छापला गेला, ते मोजते. लॅपटॉपवर तिने ‘आवस’ची रेघ दाखवली. बरीच वर्षं वर वर आलेली, आणि मग एका सालापासून घसरत पार तळाला. ते साल मी वाचलं. सुलभाताईंच्या पुस्तकाचं साल.

“काका, इथे काय झालं असेल?”

सांगायला किती वेळ लागला असता? ताई तेव्हा हयात होत्या — मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “शिक्षण वाढलं. लोकांनीच सोडला तो शब्द.”

तिने ते लिहून घेतलं.

ताई या श्रावणात वारल्या. परवा मृणालने आपल्या पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे तपासायला पाठवली. सातव्या प्रकरणात एक वाक्य आहे — ‘हा शब्द लोकांनी आपणहून टाकून दिला.’ मी ते तीनदा वाचलं. ‘लोकांनी’ची वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ती दीर्घ केली. वाक्य तसंच ठेवलं, आणि मुद्रितं परत पाठवून दिली.