तळ्यातला ट्रिगर

नॉर्थ कॅरोलायनातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. माझ्या हातून एक निरपराध माणूस खुनी ठरता ठरता राहिला, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कॅरी शहरापासून तासाभरावरच्या एका काउंटीत मी डिटेक्टिव्ह होतो. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच अमेरिकेत आलेला मी मराठी मुलगा. खात्यात माझ्यासारखा दिसणारा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे माझं काम चोख दिसायला हवं याची मला जरा जास्तच काळजी असे.

एका शनिवारी दुपारी फोन आला. तंबाखूच्या शेतावर दोघे भाऊ नेमबाजीचा सराव करत होते. थोरल्याच्या हातातल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलमधून गोळी सुटली आणि धाकट्याच्या पोटात लागली. आम्ही पोहोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स जखमीला आणि त्याच्या बायकोला घेऊन निघून गेली होती. थोरला गोठ्याच्या पायरीवर एकटाच बसलेला होता. रायफल त्याने स्वतःहून आमच्या हवाली केली.

"लोड करताना बोट ट्रिगरवर गेलं," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

संध्याकाळी धाकटा गेला.

मी पंचनामा केला, जबाब घेतले. माझा संशय बळावला तो दोन शेजाऱ्यांच्या जबाबामुळे. आठवड्यापूर्वी गॅरेजमध्ये दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. थोरला ओरडून म्हणाला होता, "एक दिवस यात जीव जाईल." हे त्या शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. आणि तो वयाच्या दहाव्या वर्षापासून बंदूक हाताळत आलेला. अशा माणसाचं बोट चुकून ट्रिगरवर जातं, हे मला पटेना.

चौथ्या दिवशी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ठाण्यात फोन केला. "ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी त्याला तळ्याकडे जाताना पाहिलं. त्याने पाण्यात काहीतरी टाकलं. सांगावं की नाही, चार दिवस विचार करत होते."

दोराला लोहचुंबक बांधून आम्ही तळं धुंडाळलं. दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळलेले लोखंडी भाग वर आले. ट्रिगर, आणि तो दाबला की सुटून बार उडवणारा हॅमर. मी शेरीफना सांगितलं, खटला तयार आहे.

थोरल्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला. तीन तास मी त्याच्यासमोर बसलो.

"हे तूच काढलंस?"

"हो."

"का?"

तो टेबलाकडे बघत राहिला. घाम नाही, थरथर नाही. अशी शांत माणसं मी पाहिली होती, आणि ती बहुतेक गुन्हेगार निघाली होती. मी त्याला कोठडीत पाठवलं.

रायफल राज्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथले तज्ज्ञ नागपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. आम्ही भेटलो की मराठी बोलायचो, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे बघ, रायफलमध्ये आत्ता जे ट्रिगर-हॅमर आहेत ना, ते त्या दिवशीचे नाहीतच." त्यांनी भिंगाखाली बोल्ट कॅरियर धरला. गोळीला चेंबरमध्ये ढकलणारा, पुढे-मागे सरकणारा हा भाग. "हा सरकताना हॅमरला घासतो, त्याचे ओरखडे राहतात. यावरचे ताजे ओरखडे तुझ्या तळ्यातल्या हॅमरशी जुळतात. आतल्याशी नाही."

"म्हणजे त्याने पुरावा बदलला. काका, मला तेच तर सिद्ध करायचंय."

"थांब रे, घाई करू नको."

त्यांनी तळ्यातले भाग रायफलमध्ये बसवले. बारूद आणि गोळी काढून टाकलेलं काडतूस घातलं, नळी भिंतीकडे केली आणि बोल्ट सोडला. फाट्‌ असा आवाज झाला. ट्रिगरला त्यांचं बोट लागलं नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"कोणीतरी हे हाताने कानशीने घासलंय. ट्रिगर हलका व्हावा म्हणून असेल. हॅमर अडकून राहायला हवा, तो राहत नाही. बोल्ट बंद झाला की बार उडतो. तुझा माणूस खून करत नव्हता. तो फक्त लोड करत होता."

ज्या पुराव्याने हा माणूस सुटला असता, तोच त्याने तळ्यात का टाकावा?

कोठडीत जाऊन मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "कानस कोणी चालवली?"

"भावाने. कारखान्यात फिटर होता, हात चांगला होता त्याचा. बापाने शंभरदा सांगितलं होतं, यात हात घालू नकोस. मीही त्याच्यावरच ओरडलो होतो गॅरेजमध्ये. पण त्या दिवशी तो म्हणाला, आता नीट बसवलंय, तूच बघ."

"मग लपवलंस का?"

"तो वाचेल असं वाटलं. अशी आपोआप उडणारी रायफल सापडली तर बेकायदा मशीनगन केली म्हणून त्याला धरतील. म्हणून जुने ट्रिगर-हॅमर परत बसवले. आणि तो गेल्यावर… त्याच्या बायकोला काय सांगू? तो स्वतःच्याच हाताने मेला?"

खुनाचा आरोप मागे घेतला गेला. पुरावा लपवल्याबद्दल त्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशन मिळालं. पण खरं काय ते मला कोर्टात साक्षीत सांगावंच लागलं. धाकट्याची बायको पुढच्या बाकावर बसून ऐकत होती. ती मध्येच उठून बाहेर गेली.

सुनावणीनंतर त्या भावांच्या वडिलांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. धाकटा गेल्यापासून ते थोरल्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"तुम्हाला ते सापडलं नसतं तर तो तुरुंगात गेला असता?"

"हो," मी म्हणालो. "आणि मीच पाठवलं असतं."

ते बाकाकडे गेले आणि थोरल्याशेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला.

त्यानंतर वीसेक वर्षं मी नोकरी केली. खोटं बोलणारी माणसं रोज भेटत. पूर्वी मी फक्त एवढंच बघायचो की हा काय लपवतोय. नंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो, कोणासाठी लपवतोय. दर वेळी उत्तर मिळालं असं नाही. पण तो प्रश्न न विचारता मी पुन्हा कोणावर आरोपपत्र लिहिलं नाही.