हेल्मेट घातलेला प्रवासी

पाखरमाळला एसटी आणली ती तात्यांनी. कर्जत स्टेशनाबाहेर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सकाळी लोकांची घड्याळं वेळेवर आणायची आणि दुपारी बससाठी डेपोत खेटे घालायचे, यात त्यांचा अर्धा जन्म गेला. शेवटी बस आली. तात्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला, आणि हळदकुंकू इतकं उधळलं की ड्रायव्हरला काच पुसायला खाली उतरावं लागलं.

पुढे गावाचं भलतंच झालं. तरुण पोरं कामाधंद्याला खोपोली-पनवेलकडे निघून गेली आणि उरलेल्यांच्या दारात दुचाक्या आल्या. माणसं घटली, गाड्या वाढल्या. मारुतीच्या देवळाबाहेर चपलांच्या जोडीने हेल्मेटं दिसू लागली. तात्यांनीही स्कूटर घेतली. "फक्त अडीअडचणीला हं," म्हणाले. मग त्यांना रोजच अडचण येऊ लागली.

बसमध्ये नेमाने बसायची ती एकटी कोंडी. वरच्या ठाकूरवाडीतली म्हातारी. रानभाजीची टोपली घेऊन कर्जतच्या बाजाराला जायची. बस नसती तर एवढं ओझं डोक्यावर घेऊन चालत गेली असती.

एक दिवस कंडक्टर कमलेश दुकानात आला. "तात्या, उद्या डेपोचे साहेब स्वतः गाडीत बसणारेत. अशीच रिकामी दिसली तर बंद. बघा काय ते."

तात्यांनी संध्याकाळी देवळात गाव गोळा केलं. "उद्या एकानेही आपली गाडी काढायची नाही! बस गच्च भरलेली दिसली पाहिजे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या येसाजीने तर "जागा नसंल तर टपावर बसू!" म्हणून टाळ्या घेतल्या.

सकाळी चहा पिताना तात्यांच्या मनात आलं, सगळा गाव बसमध्ये म्हणजे आपल्याला उभंच राहावं लागणार. गुडघे हे असे. शिवाय एक माणूस नसला तर काय बिघडतं? त्यांनी स्कूटर काढली.

वाटेतल्या कडाव गावाच्या अलीकडे बस दिसली. तात्यांनी सवयीने हॉर्न दिला, ड्रायव्हरला हात केला आणि पुढे जाता जाता आत नजर टाकली. पुढच्या बाकावर साहेब, दाराशी कमलेश, मध्ये खिडकीला कोंडी. बाकी नुसती बाकडी. एक माणूस नसला तर काय बिघडतं, हे सगळ्या गावाच्याच मनात आलं होतं.

कोंडीने खिडकीतून हाक मारली, "तात्या! आत ये रं! जागा हाय!"

तात्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कडावच्या थांब्याजवळ त्यांनी स्कूटर फणसाखाली लावली आणि रस्त्यात उभं राहून हात दाखवला. बस थांबली. ते चढले तेव्हा कमलेश त्यांच्या डोक्याकडे बघत राहिला. हेल्मेट तसंच होतं.

"मघाशी हॉर्न दिलात, ते आपणच ना?" साहेबांनी विचारलं.

तात्या पट्टा सोडवू लागले. मुंगीएवढे स्क्रू काढणाऱ्या बोटांना तो सुटेना.

"सायेब, ही बस यानंच आनली," कोंडी म्हणाली. "रोज हितं माज्या बाजूला बसतो. आज झोप लागली तेला, बस चुकली, म्हून मागनं आला."

"रोज बसता?"

नाही म्हणावं तर बस जाणार, आणि उद्यापासून कोंडी चालत. कमलेश लगबगीने खिडकीबाहेर बघू लागला.

"हो," तात्या म्हणाले. आवाज हेल्मेटातच राहिला.

ते कोंडीशेजारी बसले. ती हळूच म्हणाली, "काढ आता डोस्क्यावरचं. हितं गळत नाय."

साहेबांनी बसला दिवाळीपर्यंत मुदत दिली. स्कूटर आता दारात ताडपत्रीखाली असते आणि तात्या रोज बसने जातात. येसाजी आपल्या गाडीवरून त्यांना हात करत पुढे जातो. त्याला काही बोलायला तात्यांना तोंड नाही.

तात्या चढले की कोंडी बाकावरची टोपली उचलून मांडीवर घेते. कडावपर्यंत तात्या मनात एक वाक्य जुळवतात आणि फणसाचं झाड आलं की, "आज कंटोळी बरी मिळाली गं," एवढंच म्हणतात. त्या सकाळबद्दल ती आजवर अवाक्षर बोललेली नाही. दोन शिव्या घातल्या असत्या, तर तात्यांना तिच्याकडे बघून बोलता तरी आलं असतं.