पुतळाबाईच्या हातची भवानी

पंचवटीच्या भाजीबाजारात पुतळाबाईचा हात गाजलेला. तिच्या कोथिंबिरीशेजारी बसणाऱ्या साऱ्या जणी सकाळची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, तिलाच करायला लावायच्या. तिने एक नाणं टाकून चार मिरच्या उचलल्या की दुपारपर्यंत पाटी रिकामी. खरंखोटं देव जाणे, पण बाईचा तोरा मात्र खरा होता.

गेल्या दिवाळीपासून तोच हात थरथरायला लागला. जुड्या बांधताना दोरा सुटायचा. वर जीव उगीच उदास. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचीही हौस उरली नाही. आता हुज्जत न घालणारी पुतळाबाई म्हणजे आजारीच की! डॉक्टरांनी तपासून मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. कंपाउंडरने ती वाचून दाखवली: न्यूरोसायकियाट्री विभाग. सायकियाट्री म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, एवढं तिला टीव्हीमुळे ठाऊक होतं. झालं! वेड्या बाईच्या हातची भवानी कोण घेणार? तिने चिठ्ठी कनवटीला खोचली आणि महिनाभर कुणाला दाखवली नाही.

शेवटी औषधाच्या दुकानातली स्नेहा कोथिंबीर घ्यायला आली, तेव्हा हळूच तिच्यापुढे चिठ्ठी धरली.

"मावशी, न्यूरो म्हणजे मेंदू आणि नसा," स्नेहा म्हणाली. "सायकियाट्री म्हणजे मनाचे आजार, त्यात उदासीही आली. तुमचा हात थरथरतो आणि मनही लागत नाही, म्हणून दोन्ही एकत्र बघणारे डॉक्टर."

"म्हणजे मी येडी नाय?"

"आजारी आहात. औषध घ्यायचं, बस्स."

पुतळाबाईला हायसं वाटलं, पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मिरचीवाल्या विठाबाईने सकाळी पाटी पुढे सरकवली, तशी ती म्हणाली, "थांब. मला नसांच्या आन् मनाच्या डॉक्टरकडं जायचंय. हात हलतो, जीव उदास ऱ्हातो. माझ्या हातची भवानी नको वाटत आसंल तर आत्ताच सांग."

विठाबाईने पाटी आणखी पुढे सरकवली. "हात दिवाळीपासून हलतोय तुझा. आम्हाला काय डोळे नाय? एक दिवस तरी दुसऱ्या कुणाच्या हातची घेतली का?"

पुतळाबाईचे डोळे भरून आले. तिने नाणं टाकलं, तर ते पाटीत न पडता खाली घरंगळलं. विठाबाईने ते उचलून रोजच्यासारखं कपाळाला लावलं.

"उद्या मी येते दवाखान्यात," ती म्हणाली. "महिनाभर चिठ्ठी लपवून बसली. येडी कुठली."

कितीतरी दिवसांनी पुतळाबाई खळखळून हसली.